बर्फ पाडायच्या पाइपलाइनमधून वीज? स्की रिसॉर्टची तळी, पंप आणि आपल्याकडे काय जमेल

धरमपेठी

आल्प्समधली स्की रिसॉर्टं आता आभाळातून पडणाऱ्या बर्फाच्या भरवशावर राहत नाहीत. डोंगरावर अस्तर घातलेलं तळं, खाली पंपघर, उताराच्या कडेने पुरलेली उच्च दाबाची पाइपलाइन, ठरावीक अंतरावर हायड्रंट आणि त्यांना जोडलेल्या बर्फाच्या तोफा असा सगळा सरंजाम असतो. तो चालतो कधी? नोव्हेंबर ते जानेवारी, फार तर फेब्रुवारी. त्यातही थंडी पुरेशी पडेल तेवढेच तास. उरलेले आठ-नऊ महिने तळं, पाइप, ट्रान्सफॉर्मर, हायटेन्शनची जोडणी, सगळं नुसतं पडून.

छोट्या जलविद्युत प्रकल्पात खर्च कुठे होतो, तर तळं, पेनस्टॉक (टर्बाइनकडे पाणी आणणारा दाबाचा पाइप) आणि वीजजोडणी यांत. इथे ते तिन्ही आधीच तयार आहे. म्हणून एक ढोबळ हिशोब मांडतो. तळं १ लाख घनमीटरचं, तळं आणि पंपघर यांच्या उंचीत ४०० मीटरचा फरक. एक घनमीटर पाणी एक मीटर खाली आलं की ०.००२७२५ युनिट. म्हणजे पूर्ण तळ्यात १ लाख ९ हजार युनिट. टर्बाइन आणि जनरेटरमध्ये १५ टक्के गेले तर हाती साधारण ९३ हजार. सेकंदाला २०० लिटर सोडले तर ६६७ किलोवॅट मिळतात आणि तळं १३९ तास पुरतं.

जाणकारांना विचारायचंय की हे प्रत्यक्षात कितपत उतरतं, यंत्रणेत काय काय बदलावं लागतं, आणि उत्तराखंडातल्या औलीला किंवा आपल्या विदर्भात यातलं काही घेण्यासारखं आहे का?

तर्री_पोहा

राजेहो, पाणी खाली सोडून वीज करून टाकाल, मग उद्या बर्फ कशाचा पाडाल?

पेल्टन

तर्रीभाऊंनी एका ओळीत खरी मेख सांगितली. बर्फाचा हंगाम संपेपर्यंत तळ्यातल्या पाण्यावर पहिला हक्क बर्फाचा. एक हेक्टर उतारावर ३० सेंमीचा थर द्यायचा तर ३००० घनमीटर बर्फ लागतो, आणि त्याला १२०० ते १५०० घनमीटर पाणी. मोठ्या रिसॉर्टला १ लाख घनमीटर एका हंगामात पुरतही नाही, तळं दोन-तीनदा भरावं लागतं. जानेवारी-फेब्रुवारीत ओढे सर्वांत कोरडे, म्हणजे पुन्हा भरायलाही वेळ लागतो. त्यामुळे हिवाळ्यात टर्बाइन विसरा.

धरमपेठी, तुमच्या हिशोबात पाइपचं घर्षण आलेलं नाही. ३०० मिमीचा पाइप, लांबी १५०० मीटर धरली तर २०० लिटरला वेग २.८ मीटर प्रति सेकंद होतो आणि ३३ मीटर हेड, म्हणजे पाण्याची उपयोगी उंची, पाइपातच जातं. प्रवाह निम्मा केला की तोटा ८ मीटरवर येतो, कारण घर्षण प्रवाहाच्या वर्गाने वाढतं. हा पाइप मुळात पेनस्टॉक म्हणून आखलेला नसतो. पंपाला आठ टक्के जास्त जोर लावावा लागला तर बर्फवाल्याचं काही बिघडत नाही, वर्षातले थोडेच तास तो पंप चालतो. वीजवाल्याला तेच आठ टक्के वर्षभर सलतात.

आणि इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होते आहे. एक, वितळत्या बर्फाचं पाणी त्याच पाइपातून खाली आणून वीज करणं. दुसरी, खालून वर पाणी चढवून गरजेच्या वेळी सोडणं, म्हणजे पंप्ड स्टोरेज. पहिली जमते. दुसरीला खालीही तळं लागतं, आणि ते बहुतेक रिसॉर्टांकडे नसतं. खाली असतो ओढा. ओढ्यातून किती उचलायचं याला परवान्याची मर्यादा असते, आणि कोरड्या ओढ्यात एकदम २०० लिटरचा लोंढा सोडला की मासे आणि काठ दोन्ही वाहून जातात. प्रवाह टप्प्याटप्प्याने वाढवावा-घटवावा लागतो.

पहिल्या प्रकाराचा हिशोब बघा. मे ते जुलै वरच्या पाणलोटातून सेकंदाला ५० लिटर जरी तळ्यात येत राहिले, तर ९० दिवसांत ३ लाख ८९ हजार घनमीटर होतात. ४०० मीटर हेड, एकूण कार्यक्षमता ८० टक्के धरली तरी ३ लाख ३९ हजार युनिट. भरलेलं तळं एकदा रिकामं करून जे मिळतं त्याच्या साडेतीनपट, आणि एक थेंबही पंप न करता.

हिमाली

फ्रान्समधल्या सेर शेव्हालिए या रिसॉर्टने हेच केलंय. बर्फ पाडायच्या जाळ्यातच जलविद्युत बसवली, सोबत सौर पॅनेल आणि छोट्या पवनचक्क्या. वीज रिसॉर्टच्या स्वतःच्या वापरासाठी.

दोन नावं नेहमी यात ओढली जातात, ती वेगळी ठेवायला हवीत. कॅनडातल्या व्हिसलरला फिट्झसिमन्स ओढ्यावर २०१० साली सुरू झालेला प्रकल्प हा स्वतंत्र प्रवाही जलविद्युत प्रकल्प आहे, तो बर्फाच्या पाइपावर चालत नाही. अमेरिकेतल्या जिमिनी पीकला २००७ पासून १.५ मेगावॅटची पवनचक्की आहे, तिथे पाण्यापासून वीज होत नाही.

बर्डीकर

थोडं अवांतर. "थंडी पुरेशी" म्हणजे किती? शून्याखाली गेलं की झालं ना?

हिमाली

नाही. साधा पारा पाहून काही ठरत नाही, वेट बल्ब (ओल्या कापडात गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान पाहावं लागतं, आणि ते साधारण उणे २ ते उणे २.५ च्या खाली हवं. तोफेतून उडालेला थेंब हवेत असतानाच थोडा बाष्प होऊन उरलेल्याला थंड करतो. नागपूरकरांना कूलर ठाऊक आहे, तत्त्व तेच. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब २४ च्या आसपास असतो, म्हणून वाळ्याची ताटी काम करते. पावसाळ्यात तोच कूलर नुसता दमटपणा वाढवतो. डोंगरावरही तसंच. हवा अधिक २ अंश पण आर्द्रता २० टक्के असेल तर वेट बल्ब उणे ३ पर्यंत जातो आणि बर्फ पडतो. उलट हवा उणे १ आणि धुकं असेल तर थेंब गोठत नाहीत, उतारावर चिखल होतो.

याचा विजेशी थेट संबंध आहे. योग्य तास थोडे आणि अनिश्चित, म्हणून पंप आणि पाइप मोठे घेतात. दोन-तीन रात्रींत अख्खा उतार झाकता आला पाहिजे. यंत्रणा वर्षभर पडून राहते पण क्षमतेने दांडगी असते, त्याचं कारण हे.

बर्डीकर

धन्यवाद. आता मे महिन्यात गोळ्याच्या गाडीवर बर्फाकडे वेगळ्या आदराने बघेन.

तर्री_पोहा

विजेच्या बाजूने लिहितो. "पंप उलटा फिरवला की टर्बाइन झाला" असं लोक सहज म्हणून जातात. होतो, पण आधी चार गोष्टी पाहा.

पंपाच्या पुढे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असतो, तो पाणी मागे येऊच देत नाही. त्याला वळसा घालणारी शाखा काढावी लागते, तिच्यावर स्वतंत्र व्हॉल्व्ह, आणि तो वीज गेली तरी वजनाने आपोआप बंद होणारा हवा.

पंप उलटा चालवताना त्याचा सर्वोत्तम बिंदू सरकतो. तेच यंत्र टर्बाइन म्हणून चांगलं चालायला पंपापेक्षा जास्त प्रवाह आणि जास्त हेड मागतं. इथे हेड तर ठरलेलं, वर घर्षणाने कमी झालेलं. पंप पाणी चढवताना घर्षण हेडमध्ये मिळवतो, टर्बाइनला ते वजा होऊन मिळतं. म्हणजे ४३३ मीटरला निवडलेला पंप ३६७ मीटरवर टर्बाइन म्हणून चालवायचा. तो अर्धपोटी चालतो. त्यात हलवता येणाऱ्या पात्या नसतात, म्हणून प्रवाह कमी झाला की कार्यक्षमता धाडकन पडते. पेल्टनभाऊंच्या ५० लिटरवर २०० लिटरचा पंप चालवायचा विचारही नको.

मोटर इंडक्शन असली तर जनरेटर होते, गती सिंक्रोनसच्या, म्हणजे ग्रिडच्या फ्रिक्वेन्सीशी जुळणाऱ्या गतीच्या, थोडी वर गेली की झालं. १५०० आरपीएमची असेल तर १५२० च्या आसपास. पण तिला चुंबकनासाठी ग्रिड लागतं. गावातली वीज गेल्यावर रोपवे याच्यावर चालवू म्हणाल तर ते होणार नाही, त्याला सिंक्रोनस जनरेटर घ्या.

आणि सर्वांत जास्त फसगत होते ती व्हीएफडीत, म्हणजे मोटरची गती कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हमध्ये. पंपघरात लावलेले ड्राइव्ह बहुधा डायोड फ्रंट एंडचे असतात. वीज फक्त आत घेतात, परत देत नाहीत. जनरेटर म्हणून चालवलं की डीसी बसचा व्होल्टेज चढतो आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. अ‍ॅक्टिव्ह फ्रंट एंडचा, वीज परतही देऊ शकणारा ड्राइव्ह तरी हवा, नाहीतर ड्राइव्ह वगळून थेट कॉन्टॅक्टरवर घ्या. शिवाय ग्रिड गेल्याचं ओळखणारे रिले, कमी-जास्त व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सीचे, नव्याने सेट करावे लागतात. आधीचं संरक्षण मोटरसाठी केलेलं असतं.

पेल्टन

म्हणूनच ४०० मीटरला वेगळा पेल्टन टर्बाइन, म्हणजे नोझलच्या धारेने वाट्यांचं चाक (रनर) फिरवणारा प्रकार, बसवणं परवडतं. नोझलमधून पाणी ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतं. १००० आरपीएमच्या जनरेटरला रनर जेमतेम पाऊण मीटर व्यासाचा, २०० लिटरला जेट ५४ मिमीचा. छोटी चीज आहे, जुन्या पंपघराच्या कोपऱ्यात मावते. नोझलमधली सुई मागेपुढे करून प्रवाह पाचव्या भागावर आणला तरी कार्यक्षमता फारशी ढळत नाही. ५० लिटरचा वसंत आणि २०० लिटरचा पूर दोन्ही एकाच यंत्रावर.

अट एकच. पेल्टनमधून सुटलेलं पाणी मोकळ्या हवेत, रनरच्या खाली पडलं पाहिजे. त्याला पुढे दाब उरत नाही. ओढ्यात सोडायचं तर ठीक. पण पाइपाच्या मध्यावर दाब कमी करायच्या व्हॉल्व्हच्या जागी बसवायचा तर बंद कवचात हवेचा दाब भरून पाणी रनरच्या खाली दाबून ठेवणारा प्रकार घ्यावा लागतो, किंवा तिथे उलटा पंपच बरा. पिण्याच्या पाण्याच्या लाइनवर असे प्रकार वापरतात. व्हिएन्ना शहराचं पाणी डोंगरातून येतं आणि वाटेत वीज करून येतं.

आता जी गोष्ट लोक विसरतात, ती वॉटर हॅमर. ग्रिड गेलं, कोणी घाबरून व्हॉल्व्ह झटकन बंद केला, तर २.८ मीटरचा वेग एकदम शून्यावर येतो. दाबाची लाट पाइपात सेकंदाला ११०० मीटरच्या आसपास धावते. दोन्हींचा गुणाकार केला तर दाब ३१ बारने उसळतो. स्थिर दाब ३९ बार आहेच. बेरीज ७०. पाइप ६३ बारचा असेल तर तळाचा सांधा निखळणार. लाट वर जाऊन परत यायला २.७ सेकंद लागतात, म्हणून व्हॉल्व्ह त्याच्या कितीतरी पट सावकाश बंद व्हायला हवा. पण पाणी चालू राहिलं तर मोकळा सुटलेला रनर नेहमीच्या १.८ पट वेगाने पळतो. पेल्टनमध्ये यावर तोड आहे. डिफ्लेक्टर जेटसमोर आडवा येऊन पाणी क्षणात बाजूला फेकतो, रनर सुरक्षित, आणि सुई मग निवांत मिनिटभराने बंद होते. उलट्या पंपाला डिफ्लेक्टर नसतो.

अस्तरवाला

तळ्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो.

ही तळी डोंगराच्या माथ्याला खणून बांध घालून केलेली असतात. तळाला वाळू-खडीचा निचरा थर, त्यावर जिओटेक्स्टाइल (जाड कृत्रिम कापड), त्यावर दीड-दोन मिलिमीटरची एचडीपीई किंवा तत्सम प्लास्टिकची चादर, आणि बऱ्याच ठिकाणी वर पुन्हा खडी. ही रचना हंगामात मोजक्या वेळा रिकामी होण्यासाठी केलेली असते. रोज भर-रिकाम केली की दोन गोष्टी होतात. चादरीखाली थोडंफार पाणी झिरपलेलंच असतं. तळ्यातली पातळी भरभर उतरली आणि निचरा पुरेसा नसेल तर खालचं पाणी चादर वर उचलतं, शिवणी ताणल्या जातात. बांधाची आतली बाजू ओली असताना समोरचा आधार गेला की खडीचा थर सरकतो.

हिवाळ्यात त्याहून वाईट. वर बर्फाचा जाड थर आणि खाली पाणी उतरलं, की तो थर कोसळून कडेची चादर फाडतो. म्हणून तळाशी हवेचे बुडबुडे सोडून पृष्ठभाग मोकळा ठेवतात.

तळाच्या निचरा नळीवर व्ही-नॉच (प्रवाह मोजायची व्ही आकाराची खाच) लावून गळती रोज मोजत राहायचं. पातळी तीच असताना गळती वाढली तर रोजचं भर-रिकाम थांबवायचं, चर्चा नंतर. आणि तळ्यातून पाणी घ्यायच्या तोंडावर किमान पाणी राखायचं, भोवरा होऊन हवा पाइपात गेली तर पेल्टनचा जेट फुटतो. जाळीही बदलावी लागते. बर्फाच्या तोफांच्या नोझलसाठी बारीक फिल्टर पंपघरात असतात, उलट्या प्रवाहाला ते उपयोगाचे नाहीत. वितळत्या पाण्यात बारीक वाळू येते आणि ८५ मीटर प्रति सेकंदाला ती सुईचं टोक खाऊन टाकते.

बॅटरीवाला

एवढं सगळं करून ९३ हजार युनिट, म्हणजे ९३ मेगावॅट-तास? आजचा २० फुटी बॅटरी कंटेनर ५ मेगावॅट-तासाचा येतो. असे एकोणीस कंटेनर एका पार्किंगमध्ये मावतात. बॅटरी दिलेल्या विजेपैकी ८५ टक्के परत देते. तुमच्या यंत्रणेचं काय? चढवताना पंप ०.८०, मोटर ०.९५, पाइप ०.९३. उतरताना टर्बाइन ०.८७, जनरेटर ०.९५, पाइप पुन्हा ०.९३. सगळ्यांचा गुणाकार ०.५४ येतो. निम्मी वीज वाटेतच गेली. रोजच्या साठवणीसाठी हे समर्थनीय नाही.

पेल्टन

रोजच्या साठवणीबद्दल पूर्ण सहमत. पण बॅटरी पाऊस साठवत नाही. वसंतातले ३ लाख ३९ हजार युनिट हे नवे युनिट आहेत, साठवलेले नाहीत. तिथे तुलना बॅटरीशी नको, नव्याने खणाव्या लागणाऱ्या पेनस्टॉकशी करा.

आणि मोठ्या आकाराला पंप्ड स्टोरेज अजूनही खणखणीत आहे. आपलंच घाटघर घ्या, १२५ चे दोन संच, २५० मेगावॅट, हेड ४०० मीटरच्या वर. म्हणजे धरमपेठींच्या उदाहरणाएवढंच हेड. फरक पाण्याचा. तिथे पूर्ण भारावर सेकंदाला सत्तर घनमीटरच्या आसपास पाणी लागतं, इथे ०.२. साडेतीनशे पट. खाली-वर दोन्ही धरणं, आणि दुतर्फा चालण्यासाठीच आखलेली यंत्रं.

बॅटरीवाला

मान्य. मग याला "साठवण" म्हणणं बंद करू या.

कोराडीकर

थांबा, साठवण आहे. फक्त टर्बाइनमध्ये शोधू नका, पंपात शोधा.

तळं भरायला एक घनमीटर पाणी ४०० मीटर चढवताना वरच्या गुणाकाराप्रमाणे सुमारे दीड युनिट लागतं. १ लाख घनमीटरला १ लाख ५४ हजार युनिट. ते सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दोन महिन्यांत कधीही चढवता येतं. एक मेगावॅटचे पंप असतील तर फक्त १५४ तास निवडायचे आहेत, दीड हजार तासांतून. जेव्हा सौर वीज ओसंडून वाहते, बाजारभाव तळाला असतो, तेव्हा पंप चालू. संध्याकाळी मागणी चढली की बंद. ग्रिडच्या दृष्टीने, संध्याकाळी न वापरलेलं युनिट आणि संध्याकाळी बनवलेलं युनिट यांत काही फरक नाही. यात परतफेरीचा ४६ टक्के तोटा नाही, टर्बाइन नाही, वॉटर हॅमरची नवी भीती नाही. पाणी तसंही चढवायचंच होतं. खर्च काय, तर वेळापत्रक आणि एक कंट्रोलर.

धरमपेठी

कोराडीकर, हा मुद्दा फार आवडला. मग औलीचं काय? तिथे २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तळं आणि बर्फाची यंत्रणा उभारलेली आहे. उतार साधारण २५०० ते ३०५० मीटर उंचीवर, म्हणजे हेडला तोटा नाही.

हिमाली

औलीत पाण्याची जास्तीची हालचाल नको, अगदी नको. खाली जोशीमठ आहे. ते गाव पक्क्या खडकावर नाही, जुन्या दरडीच्या मातीगोट्यांच्या ढिगावर वसलंय. हे १९७६ च्या मिश्रा समितीने लिहून ठेवलेलं आहे, आणि जानेवारी २०२३ मध्ये शेकडो घरांना तडे गेले तेव्हा देशाने पाहिलं. अशा उतारावर मुरलेलं पाणी मातीच्या कणांमधला दाब वाढवतं आणि तिची पकड सुटते. अस्तरवाल्यांनी सांगितलेली गळती आल्प्समधल्या खडकावर दुरुस्तीच्या खर्चावर निभते. इथे खाली माणसं झोपलेली असतात. असलेल्या तळ्याचं अस्तर आणि निचरा नीट राखणं, एवढंच काम तिथे आहे आणि तेही मोठं आहे.

अस्तरवाला

+१. वितळत्या बर्फाचं पाणी पाइपात बंदिस्त करून खाली आणलं तर उतारावर मुरणं कमी होईल, असा युक्तिवाद कोणी करेल. पण पाइपाचा एक सांधा सुटला तर सेकंदाला २०० लिटर त्याच मातीत. तो धोका घ्यायचं कारण नाही.

बर्डीकर

विदर्भात उंची म्हटली की चिखलदरा. पठारावरून खाली सोडलं तर?

पेल्टन

उंची आहे, पण भोवती मेळघाटचा व्याघ्र प्रकल्प आहे, आणि उन्हाळ्यात पठारावरच्या गावांना प्यायला पाणी कमी पडतं. ते खाली सोडायचा विचार करू नये. उमरेडच्या खुल्या खाणींचंही नाव निघतं. तिथे खालचा हौद फुकट मिळतो, पण हेड शंभर मीटरच्या आसपास धरा आणि पाण्याची पातळी रोज वरखाली झाली की मातीच्या ढिगाऱ्याच्या पायऱ्या ढासळतात. आधी भूतंत्र, म्हणजे माती-खडकाचा अभ्यास, मग टर्बाइन.

कन्हानकाठ

कोराडीकरांचा मुद्दा नागपूरला चपखल बसतो, त्यावर आकडे देतो.

आधी, शहरातल्या टाक्यांवर टर्बाइन बसवायची कल्पना बाजूला ठेवा. सेमिनरी हिल्सवर ५० लाख लिटरची टाकी आणि ४० मीटर उतार धरला तरी पूर्ण टाकीत ५४५ युनिट. त्यासाठी काही बांधू नये.

पंपिंग बघा. कन्हानचं शुद्धीकरण केंद्र दिवसाला २४ कोटी लिटरचं, म्हणजे २ लाख ४० हजार घनमीटर. एकूण हेड उदाहरणादाखल ६० मीटर आणि पंप-मोटरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर रोज ५६ हजार युनिट. वर ज्या आल्प्सच्या तळ्यावर आपण एवढं बोललो, ते एकदा रिकामं करून ९३ हजार मिळतात. इथे दोन दिवसांत त्याहून जास्त वीज पंपांतून जाते, आणि वर्षाचे ३६५ दिवस.

कोराडीकर

हेच. यातला तिसरा हिस्सा दुपारवर सरकवला तरी रोज साडेअठरा हजार युनिट!

कन्हानकाठ

तिसरा हिस्सा नाही सरकणार, कोराडीकर. दुपारचे आठ तास म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्साच, तेवढी वीज तर आजही दुपारी जातेच. त्याच्या वर किती ढकलता येईल ते पाहायचं. पंपांना आणि मुख्य वाहिनीला मर्यादा आहे. आठ तास १२५ टक्क्यांवर चालवायचं, उरलेले सोळा तास ८७.५ टक्क्यांवर, हे मला व्यवहार्य वाटतं.

६० मीटरपैकी ४० उंचीचे आणि २० घर्षणाचे समजा. १२५ टक्क्यांवर घर्षण वाढून ३१ होतं, एकूण ७१. बाकीच्या वेळी घर्षण १५ वर येतं, एकूण ५५. दिवसाची बेरीज केली तर एकूण वीज ३ टक्के वाढते. पण दुपारच्या बाहेरचा वापर १९ टक्क्यांनी घटतो. म्हणजे रोज ७२०० युनिटच्या आसपास संध्याकाळ-रात्र-सकाळवरून उचललं जातं.

बदल्यात साठवण लागते. शुद्धीकरण केंद्राचा प्रवाह हलवायचा नाही, कारण वाळूच्या फिल्टरना दर तासाला चढउतार झाला की गढूळपणा पुढे निसटतो. तो ताशी १० हजार घनमीटरवर स्थिर. म्हणून शुद्ध पाण्याच्या संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) २० हजार घनमीटरची जागा जास्तीची हवी, आणि शहराच्या बाजूला दुपारचं जास्तीचं पाणी घ्यायला टाक्यांत तेवढीच. दुपारी नळ कमी उघडतात, म्हणून ते टाकीतच राहणार.

बॅटरीवाला

२ कोटी लिटरच्या दोन टाक्या, ७२०० युनिट हलवायला. ते काम दीड कंटेनर करतो.

कन्हानकाठ

नुसत्या विजेसाठी बांधायच्या तर तुमचं बरोबर. पण वाहिनी फुटली किंवा पंपघर बंद पडलं तर २ कोटी लिटर म्हणजे पूर्ण शहराच्या त्या लाइनला दोन तासांचा श्वास. शहर वाढतंय तशा टाक्या बांधल्या जाणारच आहेत. त्यांचा आकार ठरवताना हा हिशोब धरावा, एवढंच म्हणणं आहे.

तर्री_पोहा

आणि भाऊ, १२५ टक्के करायला आहे तोच पंप जास्त दाबू नका. पंप एकाला एक समांतर लावलेले असतात, पण घर्षण वर्गाने वाढतं म्हणून चौथा पंप चालू केल्यावर एक तृतीयांश पाणी वाढत नाही, त्याहून कमी वाढतं. सोळा तासांच्या टप्प्यात मात्र एक पंप कमी झाला की उरलेले पंप आपल्या कर्व्हवर उजवीकडे, म्हणजे जास्त प्रवाहाकडे, सरकतात, मोटर ओव्हरलोड आणि सक्शनला कॅव्हिटेशन (दाब घटून वाफेचे बुडबुडे होणं). तिथे व्हीएफडी उपयोगी. इथे डायोडवाला चालेल, परत काही द्यायचं नाही.

धरमपेठी

४० आणि २० हे उदाहरणातले आकडे झाले. प्रत्यक्ष पंपघरात उंची किती आणि घर्षण किती हे वेगळं कसं काढायचं? सगळा हिशोब त्यावरच उभा आहे.

कन्हानकाठ

सोपं आहे. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या पुढच्या बाजूला, शहराकडच्या अंगाला, चांगला डिजिटल गेज आणि लॉगर लावा. मागच्या बाजूचा गेज घेऊ नका, पंप बंद झाला की तो शून्यावर जातो. नेहमीच्या शटडाउनमध्ये पंप बंद झाल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा, लाट शांत होऊ द्या. मग जो दाब दिसेल तो निव्वळ उंचीचा. मात्र त्या वेळी टाकीकडचा व्हॉल्व्ह उघडा हवा आणि मधल्या कुठल्याही फाट्यावर पाणी चालू नको, नाहीतर आकडा कमी येतो. पुन्हा पंप सुरू करून प्रवाह स्थिर झाला की फ्लो मीटर आणि दाब दोन्ही लिहा. दोन दाबांतला फरक म्हणजे त्या प्रवाहाचं घर्षण. एक पंप, दोन पंप, तीन पंप असे तीन बिंदू घ्या. फरक प्रवाहाच्या वर्गाने वाढताना दिसला नाही, तर वाहिनीत कुठेतरी अर्धवट बंद व्हॉल्व्ह किंवा अडकलेली हवा आहे. आधी ती शोधा, वेळापत्रक नंतर.

पेल्टन

आणि टाकीची पातळी प्रत्येक नोंदीसोबत लिहा. पाच मीटर खोल टाकीत पातळीचाच अर्धा बार इकडेतिकडे होतो.